एसटीतून रिटायर झालेले अन् होणारे, दोघांनीबी वाचा (फरक, ग्रॅच्युइटी, पेन्शन अन् घरवालीचं नाव)

मुक्कामी_गाडी

रामराम मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आगारात कंडक्टर होतो, दोन वर्षं झाले रिटायर होऊन. परवाच्या रविवारी आमच्या संघटनेची मीटिंग झाली डेपोसमोरच्या हॉलमध्ये, तिच्यात जे झालं अन् नंतर जे मले समजलं ते इथी लिहून ठेवतो, काऊन का आपले जुने लोक दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, उमरखेड असे चारी कोपऱ्यात पसरले हायेत, रिटायर झाल्यावर डेपोत जाणं होत नाई, जो तो आपल्या वावरात लागते, मंग बातमी येते तवा वेळ निघून गेली असते.

पयला तास सारा फरकावर, म्हणजे वाढलेल्या पगाराच्या थकबाकीवर गेला. सप्टेंबर २०२४ च्या संपात बेसिकात जी ६५०० ची वाढ झाली तिचा अजून लोकाईले गोंधळ हाय म्हणून आंधी तेच सांगतो. ६५०० म्हणजे सगळ्याईले नवीन ६५०० नाई. नोव्हेंबर २०२१ मध्ये नोकरीच्या वर्षांवरून कोणाले ५०००, कोणाले ४०००, कोणाले २५०० देले होते, जुन्या माणसाले सगळ्यात कमी. तो तिढा सोडवाले ५००० वाल्याले अजून १५००, ४००० वाल्याले २५०० अन् २५०० वाल्याले ४००० असं करून सारे ६५०० वर आणले. अन् ही वाढ धरली १ एप्रिल २०२० पासून. हे तारखेचं ध्यानात ठेवा, रिटायर लोकाईसाठी सारी गोष्ट तिथीच हाय. एप्रिल २०२० नंतर जो माणूस रिटायर झाला त्याचं शेवटचं बेसिक कागदावर बदलते, अन् बेसिक बदललं का ग्रॅच्युइटी बदलते, शिल्लक रजेचा पैसा बदलते. हॉलमधल्या अर्ध्या लोकाईले हे माहीत नव्हतं, मलेबी नव्हतं.

मंग मागच्या रांगेतून एक बाई उभी रायली. मी तिले ओळखलं. तिचा नवरा अन् मी चार वर्षं एकाच मुक्कामी गाडीवर होतो. रात्री गावात गाडी लावली का हा माणूस पयले हातोडी घेऊन सहाई टायर वाजवे, आवाजावरून हवा सांगे, मंगच हातपाय धुऊन डबा उघडे. थंडी असो का पाणी असो. रिटायर होऊन नववा महिना लागला अन् गेला, अटॅक आला. आता त्या बाईले विधवा पेन्शन लागून नाई रायली. काऊन? त्यानं पेन्शनच्या फॉर्मवर घरवालीचं नाव लिहिलं ते लग्नातलं, म्हणजे ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिते ते. आधारवर अन् बँकेत माहेरचंच नाव. कागदावर दोन बाया झाल्या. कोणीतरी एकानं "करून देतो" म्हणून तिच्यापासून चार हजार घेतले अन् फोन उचलनं बंद केलं. ती उभी राहून एवढंच बोलली का भाऊ, माह्या नवऱ्याची पेन्शन आहे ती, मी कोणाची दुसऱ्याची नाई मागत.

हॉल एकदम चूप झाला. मले रात्रभर झोप नाई लागली. तर दोन गोष्टी विचारतो, एक म्हणजे या बाईचं काय करता येईल, अन् दुसरं, ज्याईचे दोन-चार वर्षं उरले त्याईनं आतापासून काय काय कागद पाहून घ्यावं. ज्याले माहीत हाय त्यानं सांगा.

जुना_हेडक्लार्क

नमस्कार भाऊ. मी आस्थापना शाखेत आयुष्य घालवलं, आता वर्धा जिल्ह्यात गावीच असतो. बाईंचं आधी सांगतो कारण ते तातडीचं आहे.

नवऱ्याची पेन्शन सुरू झाली होती ना? मग १०-डी फॉर्मसोबत, म्हणजे पेन्शन मागायच्या फॉर्मसोबत, नवराबायकोचा जोडफोटो गेलेला असणार, तो आस्थापनेनं साक्षांकित केलेला असतो. म्हणजे चेहरा सरकारी कागदावर आहे, फक्त नाव चुकलं आहे. ही फार मोठी जमेची बाजू समजा. आता त्यांनी करायचं काय, तर दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र, सोबत असा एखादा जुना कागद ज्यात नवऱ्याचं आणि त्यांचं नातं दिसतं. ग्रामपंचायतीतली विवाह नोंद असली तर उत्तम, नसली तर मुलाचा जन्मदाखला किंवा शाळेची टीसी, त्यावर आईचं नाव असतं. कार्यालयानं एवढ्यावर मान्य केलं नाही तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यायचा, तो अर्ज ऑनलाईन होतो, वेळ लागतो पण त्यानंतर कोणी नाही म्हणू शकत नाही. हे सगळं, मृत्यूचा दाखला, बाईंचं आधार, पासबुकाचं पहिलं पान आणि नवऱ्याचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर घेऊन विधवा पेन्शनचा १०-डी भरायचा.

विधवेला नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्मी मिळते, १००० च्या खाली नाही. पंचवीस वर्षांखालचं लेकरू असेल तर त्याला वेगळी, विधवा पेन्शनच्या २५ टक्के, अशा दोन लेकरांपर्यंत. हे बरेच जण मागतच नाहीत. त्यांना लहान मूल आहे का ते विचारा.

मुक्कामी_गाडी

एक पोरगी हाय, बारावीले. मले वाटलंच नाई का पोरीलेबी भेटू शकते. साहेब लय उपकार.

स्टेअरिंग_३१

मले दोन वर्षं राह्यले. मी अकोला विभागात ड्रायव्हर. सर्व्हिस बुक मी आजपर्यंत पायलंच नाई, कोणी दाखवत नाई अन् आपणबी मागत नाई. रोजंदारीत लागलो होतो तवाचे दिवस पेन्शनमध्ये धरते का नाई हे कोणी सांगा.

जुना_हेडक्लार्क

पेन्शनची सेवा म्हणजे ज्या दिवसांची पेन्शनची वर्गणी भरली गेली ते दिवस. रोजंदारीत असताना पगारातून पीएफ कापला गेला असेल तर ते दिवस धरायलाच पाहिजेत. म्हणून जुन्या पगारपत्रकाच्या चिठ्ठ्या फेकू नका भाऊ, पेटीत तळाशी पडलेल्या असतील त्या काढा, वाळवी लागण्याआधी.

आता जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या लोकांचा पीएफ आणि पेन्शन यात फार घोळ होतो. आपल्या पगारातले १२ टक्के पूर्ण पीएफला जातात. महामंडळाच्या वाट्यातून ८.३३ टक्के पेन्शनला जातात, पण ते कितीही पगार असला तरी १५००० वरच मोजतात, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १२५० रुपये. पीएफचा पैसा आपल्या महामंडळाच्या ट्रस्टकडे असतो, पेन्शन मात्र भविष्य निधी कार्यालय देतं. त्यामुळं पीएफ अडला की ट्रस्टकडे बोला आणि पेन्शन अडली की नागपूर किंवा अकोल्याच्या भविष्य निधी कार्यालयाकडे. लोक उलटं करतात आणि चपला झिजवतात.

हिशोब असा. पेन्शनचा पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंतची वर्षं ६५०० वर आणि त्यानंतरची १५००० वर. समजा माणूस १ सप्टेंबर १९९९ ला लागला आणि ३१ ऑगस्ट २०२४ ला अठ्ठावन्न पूर्ण होऊन रिटायर झाला. पहिली पंधरा वर्षं: ६५०० गुणिले १५ भागिले ७०, झाले १३९३. पुढची दहा: १५००० गुणिले १० भागिले ७०, झाले २१४३. बेरीज ३५३६. वीस वर्षांवर सेवा झाली म्हणून दोन वर्षं जादा धरतात, तरी पावणेचार हजाराच्या आगेमागे. पंचवीस वर्षं खड्ड्यातून गाडी हाणली त्याची ही महिन्याची पेन्शन.

आणि म्हणूनच ६५०० च्या वाढीनं किंवा डीएच्या वाढीनं ही पेन्शन एक रुपयानंही वाढत नाही. बेसिक कितीही वाढो, वर १५००० चं झाकण आहे. मीटिंगमध्ये हे कोणी सांगत नाही.

पऱ्हाटीतला_पोरगा

क्लार्क साहेब तुमचं वाचून बाबाची पेन्शन कशी निघाली होती ते आज समजलं. बाबा २०१६ ला रिटायर झाले, अडीच हजार भेटे. ते गेल्यावर आईले साडेबाराशे लागले. आता तेबी चार महिन्यापासून बंद हाय कारण हयातीचा दाखला नाई गेला. आईच्या बोटाचे ठसेच उठत नाई. तालुक्यावर एका सेंटरमध्ये तीन चकरा झाल्या, दर चकरेले आईची रोजी बुडते, तो पोट्टा म्हणते मावशी हात धुऊन या, मावशी तेल लावून या. आई आजबी वेचणीले जाते, बोंडाच्या काट्यानं बोटाचे शेंडे सारे फाटून रायते, आत काळं भरून जाते, दिवाळीपासून फेब्रुवारीलोक तर बोटाले रेघच नसते. मशीनले काय समजते. अन् नोव्हेंबर तर निघून गेला आता, मंग पुढच्या नोव्हेंबरलोक थांबा लागते का?

तिकीट_मशीन_ताई

नाही भाऊ, नोव्हेंबरची वाट नका पाहू!! नोव्हेंबरचं बंधन सरकारी पेन्शनवाल्यांना, आपली ईपीएस पेन्शन आहे, म्हणजे भविष्य निधी कार्यालयाची, हिचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो. माझ्या सासऱ्यांचा मी स्वतः केला, ते पण ड्रायव्हर होते.

अन् ठसा नको, तोंडाचा फोटो चालतो. चांगल्या मोबाईलवर दोन ॲप टाका, एक आधार फेस आरडी अन् दुसरं जीवन प्रमाण. आधी तुम्ही स्वतःचं रजिस्टर करा ऑपरेटर म्हणून, तुमचा चेहरा घेईल, मग आईचा आधार नंबर, मोबाईल, पीपीओ नंबर, खातं नंबर टाका आणि आईचा चेहरा घ्या. घरात अंधार असला की होत नाही. अंगणात सकाळच्या उजेडात खुर्चीवर बसवा, पदर डोक्यावरून थोडा मागं घ्यायला लावा, अन् डोळे मिचकवा म्हणा. माझ्या सासऱ्यांचं चौथ्यांदा झालं कारण ते श्वास रोखून एकटक पाहत बसायचे, पासपोर्ट फोटो काढतात तसे.

पऱ्हाटीतला_पोरगा

ताई आज रात्री मोबाईलमध्ये टाकतो. उद्या सकाळी वेचणीले निघाच्या आंधी पाहतो.

तिकीट_मशीन_ताई

माझापण एक प्रश्न आहे. मी भरती झाले तेव्हा लग्न नव्हतं, सगळीकडे माहेरचं नाव, वडिलांचं नाव. लग्नानंतर आधार बदललं, बँक बदलली, पण पीएफच्या खात्यावर जुनंच आहे. वारसात अजून आईचं नाव आहे. वरचं त्या काकूंचं वाचून मला धस्स झालं, हे तर आम्हा सगळ्या लेडीज कंडक्टरचं असणार. आमच्या रेस्टरूममध्ये आज विचारलं तर सात जणींपैकी पाच जणींचं असंच निघालं.

जुना_हेडक्लार्क

ताई तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलं. नाव दुरुस्तीला संयुक्त घोषणापत्र असतं, तुमची आणि आस्थापनेची दोघांची सही. आधार, लग्नाचं प्रमाणपत्र जोडा. वारसाचं तर फार महत्त्वाचं. लग्न झालं की पीएफचं जुनं नामनिर्देशन आपोआप रद्द होतं, नवीन करावंच लागतं, पोर्टलवर ई-नॉमिनेशन आहे, नवरा लेकरांचे फोटो आणि आधार लागतात. ग्रॅच्युइटीचं नामनिर्देशन वेगळं असतं, फॉर्म एफ, ते वेगळं भरायचं. एकाचं केलं की दुसऱ्याचं होत नाही. सातही जणी एकाच दिवशी बसा आणि करून टाका.

रातराणी_नागपूर

सगळं बरोबर आहे पण मला थोडं वेगळं बोलायचं आहे, राग मानू नये. मी नोकरीत आहे, आठ वर्षं झाली. मीटिंगमध्ये आता अर्धा वेळ रिटायर लोकांचे प्रश्न चालतात. आमचे प्रश्न कमी आहेत का? डबल ड्युटी, मुक्कामाच्या गावात झोपायला जागा नाही, गाडीतच झोपा, महागाई भत्त्याचा फरक हप्त्याहप्त्यानं. २०२५ च्या जूनमध्ये परिवहन मंत्र्यांनी श्वेतपत्रिका काढली, संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला. जे आहे ते आधी नोकरीवाल्यांना मिळू द्या. पेन्शन केंद्राचा विषय आहे, त्याच्यात संघटना काय करणार?

मुक्कामी_गाडी

भाऊ राग नाई, तुही तकलीफ मी तीस वर्षं भोगली, मुक्कामी गावात शाळेच्या ओट्यावर झोपलो, समाजमंदिरात झोपलो, एका गावात तर बिचाऱ्या एका म्हाताऱ्यानं कडब्याच्या गंजीजवळ खाट टाकून देली. तुह्या झोपाच्या जागेसाठी मी आजबी मोर्च्यात येईन.

पण एक सांगतो. १९९५ च्या १६ नोव्हेंबरले ही पेन्शन योजना लागू झाली तवा आम्ही नोकरीत होतो, भरपूर दम होता, संघटना होती, कोणी विचारलं नाई का वर हे झाकण काऊन ठेवलं. आम्हाले वाटे, आपल्याले अजून लय वेळ हाय. तुले आठ वर्षं झाले, तुह्यापाशी पंचवीस वर्षं असतीन. हे झाकण आज नाई निघालं तर तुह्याच डोक्यावर पडन. म्हातारा माणूस गाडी बंद करू शकत नाई, त्याच्या हातात काही नाई. बंद कराची ताकत तुह्या हातात हाय. म्हणून रिटायर लोकाईचा प्रश्न नोकरीवाल्यानंच मांडा लागते.

स्टेअरिंग_३१

माह्या मोठ्या भावाचं सांगतो. तो जिल्हा परिषदेत शिपाई होता, २००५ च्या आंधी लागलेला, म्हणून जुनी पेन्शन. शेवटच्या बेसिकच्या निम्मी अन् वर महागाई, दर वेळी डीए वाढला का त्याची पेन्शन वाढते. दवाखान्यासाठी कोणापुढं हात पसरत नाई. एका मायच्या पोटचे, एकाच शाळेत शिकलो. मी एसटीत लागलो तवा गावात पेढे वाटले होते बाबानं, भावापेक्षा माह्या नोकरीचा मान जास्त होता. २०२१ च्या संपात आम्ही विलीनीकरण विलीनीकरण म्हणून, म्हणजे एसटी सरकारात घ्या म्हणून, साडेपाच महिने घरी बसलो ते काही हौस नव्हती. सरकारच्या समितीनं सांगतलं होऊ शकत नाई, हायकोर्टानं २२ एप्रिल २०२२ लोक हजर व्हा म्हणून सांगतलं, अन् गेलो हजर. त्या साली घरची तूर विकून पोरीची फी भरली. सरकारी झालो असतो तर हा धागाच लिहा लागला नसता.

घाटातला_माणूस

मी बुलढाणा जिल्ह्यातला, घाटावरचा. रिटायर मेकॅनिक. रातराणी भाऊंना सांगतो की केंद्राचा विषय आहे म्हणून हात बांधून बसायचं नाही. आमच्या बुलढाण्यात कलेक्टर ऑफिससमोर ईपीएस ९५ पेन्शनरांचं साखळी उपोषण डिसेंबर २०१८ पासून सुरू झालं, कमांडर अशोक राऊत यांच्या राष्ट्रीय संघर्ष समितीचं. मागणी साधी आहे, किमान पेन्शन ७५०० आणि त्यावर महागाई भत्ता, नवराबायकोला मोफत उपचार. एसटीवाले, वीज मंडळवाले, साखर कारखानावाले, सूतगिरणीवाले, सगळे त्यात. मी माझ्या पाळीला बसलो आहे. म्हातारे लोक घरून पाण्याची बाटली, गोळ्यांची पिशवी आणि एक सतरंजी घेऊन येतात, बीपीची गोळी उपाशी पोटी घ्यायची की नाही यावर चर्चा होते, आणि बसतात दिवसभर.

१००० ची किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून आहे. त्याच्या आधी २०१३ मध्येच राज्यसभेच्या समितीनं ३००० करा म्हणून शिफारस केली होती, अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे नंतर आपले राज्यपाल झाले. ३००० सांगितले अन् १००० दिले. हे मी प्रत्येक सभेत सांगतो. नोकरीवाली पोरं आमच्यासोबत बसली तर वजन पडेल. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन असतं, यशवंत स्टेडियमपाशी पन्नास म्हातारे बसले आणि पाचशे गणवेशातले बसले यात फरक असतो.

रातराणी_नागपूर

काका, तुम्ही सगळ्यांनी जे लिहिलं ते दोनदा वाचलं. माझे वडील पण मिस्त्री होते, पीएफ नाही पेन्शन नाही काहीच नाही, म्हणून मला वाटायचं एसटीवाल्यांना निदान काहीतरी मिळतं. पावणेचार हजार हा आकडा मला खरंच माहीत नव्हता. पुढच्या मीटिंगमध्ये मी स्वतः हा विषय घेतो. आमच्या आगारातल्या पोरांची यादी करतो, कोणाचं वारस नाव नाही ते.

खाकी_जुनी

कोणीतरी फोन करून "हायर पेन्शन करून देतो, फॉर्म भरून देतो, पाच हजार पाठवा" म्हणतंय, आमच्या गावात दोघांनी देले. हे खरं आहे का?

जुना_हेडक्लार्क

देऊ नका!! सुप्रीम कोर्टाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२२ चा, त्यानंतर वाढीव पेन्शनचे, म्हणजे १५००० च्या झाकणाऐवजी पूर्ण पगारावर मोजायच्या पेन्शनचे, अर्ज मागवले होते, कर्मचाऱ्यांनी अर्ज करायची शेवटची तारीख वाढत वाढत ११ जुलै २०२३ झाली आणि तिथं संपली. आता नवीन फॉर्म कोणी भरून देऊ शकत नाही. आणि १ सप्टेंबर २०१४ च्या आधी रिटायर झालेल्यांनी नोकरीत असताना तो पर्याय दिला नसेल तर त्यांना त्या निकालात बसवलेलंच नाही. ज्यांनी मुदतीत अर्ज केला त्यांनी पोचपावतीचा नंबर घेऊन कार्यालयात स्थिती विचारावी, त्याला पैसे लागत नाहीत. त्या दोघांना सायबर पोलिसांच्या १९३० नंबरवर फोन करायला सांगा, जितका लवकर केला तितकं बरं.

ग्रॅच्युइटीचंही सांगून टाकतो, वर मुक्कामी भाऊंनी विषय काढला म्हणून. शेवटचं बेसिक अधिक डीए, त्याला २६ नं भागा, १५ नं गुणा, मग वर्षांनी गुणा. ३९००० असेल आणि पंचवीस वर्षं असतील तर ३९००० भागिले २६ म्हणजे १५००, गुणिले १५ म्हणजे २२५००, गुणिले २५ म्हणजे ५,६२,५००. सहा महिन्यांवर गेलेलं वर्ष पूर्ण धरतात. कायद्यानं तीस दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं. २०२० नंतर रिटायर झालेल्यांनी जुन्या बेसिकवरचा आणि सुधारित बेसिकवरचा असे दोन आकडे कागदावर मांडून लेखी अर्ज करावा, आवक शाखेत द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. तोंडी विचारल्यावर "येईल येईल" असंच उत्तर मिळतं, शिक्क्याच्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. तुमच्याकडे तो कागद असला तरच संघटना पुढं भांडू शकते.

स्टेअरिंग_३१

३९ हजार भागिले २६, हे मी पोराच्या वहीवर करून पायलं. साहेब तुम्ही आमच्या डेपोत कधी येता का? येण्याजाण्याचं आम्ही पाहतो. पास तर हायच तुमच्यापाशी!

जुना_हेडक्लार्क

बोलवा, येतो. पास आहे, मंडळींचाही आहे. दोघं येऊ.

पऱ्हाटीतला_पोरगा

झालं!!! आज सकाळी सात वाजता, गोठ्यापाशी, ऊन सरळ तोंडावर येत होतं तिथी खुर्ची मांडली. दोनदा फेल गेलं, आई हसत होती म्हणून. तिसऱ्यांदा डोळे मिचकावले अन् हिरवी टिक आली, प्रमाण नंबर आला मेसेजवर. आईनं मोबाईल हातात घेऊन आपला फोटो किती वेळ पायला. म्हणे तुह्या बापाच्या फोटोवाणी आला. मंग टोपलं उचलून वेचणीले गेली. ताई तुमचे उपकार कसे फेडू.

तिकीट_मशीन_ताई

भाऊ डोळ्यात पाणी आलं. उपकार काही नाही, तुमच्या गावात अजून ज्यांचे ठसे उठत नाहीत त्यांचं करून द्या, तुम्ही आता ऑपरेटर झालात. आम्ही सातही जणी बुधवारी बसतो आहोत, फॉर्म एफ पण आणून ठेवले.

मुक्कामी_गाडी

मंडळी, काल त्या वहिनीच्या घरी जाऊन आलो. मोठ्या पोराची दहावीची टीसी भेटली, तिच्यावर आईचं नाव लग्नातलं हाय, अन् त्याच पोराच्या जन्मदाखल्यावर माहेरचं. एकाच पोराची माय दोन्ही कागदावर, साहेब म्हणे यापेक्षा चांगला पुरावा नाई. पेटीत पीपीओबी भेटला, त्याच्यासंगं त्या जोडफोटोची उरलेली एक कॉपी, दोघं फोटो स्टुडिओतल्या निळ्या पडद्यापुढं बसलेले, हा खाकी ड्रेसवरच, ड्युटी करून तसाच गेला असन. पोरीचं बारावीचं बोनाफाईड काढाले सांगतलं, तिचाबी अर्ज संगंच लावतो.

प्रतिज्ञापत्र सोमवारी तहसीलमध्ये. भविष्य निधीवाल्याईचं शिबिर दर महिन्याच्या २७ तारखेले जिल्ह्यात असते, निधी आपके निकट म्हणते त्याले, २७ ले सुट्टी असली तर दुसऱ्या कामाच्या दिवशी. तिथी मी, वहिनी अन् पोरगी जाऊन रायलो. क्लार्क साहेब तुम्ही वर्ध्याहून पयल्या गाडीनं निघा, मी स्टँडवर चौकशी खिडकीपाशी उभा रायतो. अजून कोणाचं अडलं असन तर त्यानं पीपीओ, आधार, पासबुक अन् त्याची झेरॉक्स घेऊन तिथीच यावं, संगंच जाऊ.

घाटातला_माणूस

यवतमाळला माझे दोन जुने मेकॅनिक आहेत, एकाला ऐकू येत नाही म्हणून फोनवर काम होत नाही. त्यांच्या घरी निरोप पाठवतो, २७ ला तुमच्याकडे येतील. त्यांच्या दाखल्याचंही बघा.

मुक्कामी_गाडी

पाठवा. खाकी शर्ट घालून येतो मी, ओळखतीन.